मदत हवी आहे: १९६१ची दाबोळी सिम्युलेटरमधे उभी करतोय, धावपट्टी आणि जुवारीच्या पुलापाशी अडलोय

नमस्कार मंडळी,

मी चिखलीचा, वास्कोजवळ. घरी एक्स-प्लेन १२ हा विमान उडवायचा सिम्युलेटर आहे आणि गेले तीन महिने रात्रीची जेवणं झाली की एकच काम चालू असतं, १८ डिसेंबर १९६१ च्या सकाळी, म्हणजे गोवा मुक्त करायला भारतानं हल्ला केला तेव्हा, गोव्याचा दाबोळी विमानतळ जसा होता तशी सीनरी बनवायची. अर्ध्यावर येऊन अडकलोय म्हणून हा धागा.

आधी हे कशासाठी ते सांगतो. माझी आजी तेव्हा अकरा वर्षांची होती, विहिरीवर कळशी भरत होती आणि एकदम जमीन हादरली, घराची दोन-चार कौलं खाली आली, माझ्या पणजीनं, म्हणजे तिच्या आईनं, तिला हाताला धरून ओढत आत नेलं. विमान तिनं बघितलंच नाही, फक्त आवाज ऐकला. दिवाळीत मी तिला लॅपटॉपवर दाबोळीवरून एक चक्कर मारून दाखवली. तिनं चष्मा पुसून बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "हें आमचें न्हय रे." सडा (जांभ्याचं पठार) कुठाय, काजी (काजूची झाडं) कुठायत, एवढी घरं तेव्हा कुठली. बरोबरच आहे, सिममधे आजचा उपग्रहाचा फोटो अंथरलेला, त्यात तिचं गाव असणार कुठून.

तेव्हापासून वाचत सुटलोय. दाबोळीचा विमानतळ पोर्तुगीजांनी पन्नाशीच्या दशकात बांधला, भारतानं नाकेबंदी केल्यावर बाहेर जायला वाट हवी होती म्हणून, आणि १९५५ पासून त्यांची ताइप नावाची विमान कंपनी इथून कराचीला वगैरे जायची. १८ डिसेंबरला पहिल्या लाटेत विंग कमांडर मेनन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय हवाई दलाची १२ कॅनबेरा बॉम्बफेकी विमानं आली, धावपट्टीवर ६३,००० पौंडांचे बॉम्ब टाकले, मग दुसऱ्या लाटेत आणखी ८ कॅनबेरा. हुकूम असा होता की धावपट्टी निकामी करायची पण टर्मिनल आणि बाकीच्या इमारतींना हात लावायचा नाही, आणि त्या खरंच शाबूत राहिल्या. बांबोळीच्या वायरलेस स्टेशनवर ६ हंटर लढाऊ विमानं गेली. पोर्तुगीजांकडे गोव्यात एकही लढाऊ विमान नव्हतं.

नकाशावर पुण्याहून दाबोळीपर्यंत रेघ ओढली तेव्हा अंगावर काटा आला. पुण्याचं लोहगाव आणि दाबोळी जवळजवळ एकाच रेखांशावर आहेत, म्हणजे लोहगावहून उडालं की नाक सरळ दक्षिणेला ठेवायचं, साधारण ३५५ किलोमीटर, ४०० नॉटनं अर्ध्या तासाच्या आत खाली मांडवी आणि जुवारी. मी सिममधे १८ डिसेंबर तारीख आणि सकाळी सातची वेळ लावून हे उडलो. सूर्य डाव्या हाताला सह्याद्रीवर नुकताच आलेला असतो, नद्या अजून काळपट दिसतात आणि मग समोर सडा येतो. पुस्तकात वाचून हे कळलं नव्हतं, उडल्यावर कळलं.

आता अडचणी.

सगळ्यात मोठी धावपट्टीची. आज ती साधारण ३.४ किलोमीटर आहे, १९६१ ची नक्कीच आखूड होती, पण नेमकी कुठून कुठपर्यंत? वर्ल्ड एडिटरमधे (एक्स-प्लेनची सीनरी बनवायचं साधन) अंदाजानं आखूड पट्टी काढली, विमानतळाला नवीन कोड दिला, तर आता सिममधे दोन धावपट्ट्या एकावर एक दिसतात आणि आजचं टर्मिनल पण तिथेच उभं. डोकं फिरायची वेळ आलीय.

दुसरं, जुवारीचे पूल. तेव्हा आगशी-कुठ्ठाळीला फेरीबोट होती, पूल नव्हता, कोकण रेल्वेचा तर प्रश्नच नाही. मी एक्सक्लुजनचा (आतलं सगळं गाळून टाकणारा) मोठा चौकोन टाकला तर पूल गेले खरे पण कुठ्ठाळीहून वास्कोकडे येणारा रस्ता पण गेला, आणि जुनी मुरगावची रेल्वे पण गेली जी तेव्हा होतीच.

तिसरं बॉम्बचे खड्डे. जमीन खणता येत नाही असं दिसतंय, मग कसं करू? हे मला मनापासून नीट करायचंय कारण त्याच रात्री पोर्तुगीजांनी धावपट्टीचा थोडा भाग घाईत दुरुस्त करून दोन प्रवासी विमानं, त्यात एक सुपर कॉन्स्टेलेशन, अंधारात कराचीला काढली. कॉन्स्टेलेशननं ७०० मीटरमधे टेकऑफ घेतला असं सांगतात. चार इंजिनांचं एवढं मोठं धूड. मला ते त्या खड्ड्यांमधून करून बघायचंय.

आणि एक, आजच्या नौदलाच्या तळाचे फोटो किंवा माहिती कृपया टाकू नका, मला फक्त जुनं हवंय.

प्रतिसाद, रात्रपाळीवाला:

दोन धावपट्ट्यांचं कारण तुम्ही दिलेला नवीन कोड. सिमला वाटतं ते दोन वेगळे विमानतळ आहेत. तुमच्या पॅकमधे पण दाबोळीचा मूळचा व्हीओजीओ हाच कोड द्या आणि सीनरी पॅकच्या आयएनआय फाइलमधे तुमचा फोल्डर ग्लोबल एअरपोर्ट्सच्या (सिमचे स्वतःचे विमानतळ) वर ठेवा, मूळचा आपोआप झाकला जाईल. आजची दाबोळी हवी असेल तेव्हा त्या ओळीत डिसेबल्ड लिहायचं, झालं. तरी खालच्या फोटोत आजची पट्टी दिसत राहील, तिला इलाज एकच, ऑर्थो४एक्सपीनं (उपग्रहाचे फोटो सिममधे अंथरणारं साधन) उतरवलेल्या जेपीजी टाइल्स गिंप या चित्रं रंगवायच्या सॉफ्टवेअरमधे उघडून हातानं सडा रंगवायचा आणि टाइल परत बिल्ड करायची. वेळखाऊ आहे पण दिसतं सुंदर.

पुलासाठी मोठा चौकोन नको. फक्त पाण्यावर लहान लहान चौकोन टाका, काठावर येऊ देऊ नका. तेवढं करूनही जुनी रेल्वे किंवा रस्ता तुटला तर तेवढा तुकडा स्वतः आखून परत जोडा.

खड्डे खणता येत नाहीत हे बरोबर. खड्ड्याचं चित्र जमिनीवर चिकटवा आणि त्याच्या कडेनं मातीच्या ढिगाऱ्याचं छोटं ऑब्जेक्ट ब्लेंडरमधे (थ्रीडी आकार बनवायचं सॉफ्टवेअर) करून त्याला हार्ड सरफेस, म्हणजे चाकाला लागेल असा टणक पृष्ठभाग द्या. चाक त्यावर गेलं की विमान खरंच उसळतं. तुमच्या कॉन्स्टेलेशनसाठी हेच पाहिजे.

प्रतिसाद, जुने नकाशे:

धावपट्टीसाठी अंदाज नको, फोटो शोधा. अमेरिकेचे कोरोना हेरगिरी उपग्रह १९६० ते १९७२ फिल्मवर फोटो काढत होते, ते १९९५ मधे खुले झाले आणि युएसजीएस या अमेरिकी सरकारी संस्थेच्या अर्थ एक्सप्लोरर संकेतस्थळावर शोधता येतात. दाबोळीवर क्लिक करून साठच्या दशकातल्या तारखा लावा, ढग नसलेली फिल्मची पट्टी निवडा. मग क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमधे ती आजच्या नकाशावर बसवायची. खुणा अशा धरा ज्या तेव्हापासून हललेल्या नाहीत. मुरगाव बंदराचा ब्रेकवॉटर, आग्वादचा किल्ला, चिखलीची चर्च, सांकवाळच्या जुन्या चर्चची उभी राहिलेली दर्शनी भिंत. सहा-सात बिंदू जुळले की धावपट्टीची दोन्ही टोकं स्वतःच सांगतील.

आणि बोगमाळोच्या रस्त्याला नौदलाच्या विमान संग्रहालयात एक सुपर कॉन्स्टेलेशन उभं आहे, ते बघून या. बरेच लोक समजतात ते पोर्तुगीजांचं, तसं नाही, ते एअर इंडियाचं, मग हवाई दलाकडे आणि शेवटी नौदलाकडे आलं. पण त्या तीन शेपट्या आणि पुढच्या चाकाचा तो लांब पाय शेजारी उभं राहून बघितल्याशिवाय ७०० मीटर म्हणजे काय हे कळणार नाही.

धागाकर्ता:

दोघांचे मनापासून आभार. कोड बदलला, दुसरी धावपट्टी गेली! पूल पण गेले आणि वास्कोचा रस्ता परत आला. कोरोनाच्या फिल्मची एक पट्टी मिळालीय, चिखलीची चर्च पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसते, तिच्यावरच पहिला बिंदू ठेवला.

काल आजीला परत बसवलं. अजून अर्धा सडा रंगवायचा आहे तरी तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं, चर्चच्या खालच्या अंगाला, आणि म्हणाली विहीर इथे. मी तिथे चिऱ्यांचा एक गोल कठडा करून ठेवलाय.

आता टर्मिनल राहिलंय. कुणाच्या घरच्या अल्बममधे १९५५ ते ६१ मधला दाबोळीवर काढलेला फोटो असेल, कुणी कराचीला किंवा लिस्बनला निघालेलं, मागे इमारतीचा कोपरा, खांब, पायऱ्या काहीही दिसत असेल, तर माणसांचे चेहरे झाकून इथे टाकाल का?