घरून डीटीपी करताना क्लायंटशी नीट कसं बोलायचं? करेक्शन तुकड्या-तुकड्याने येतात

मुक्ता_सातारा:
नमस्कार मंडळी, मी घरूनच डीटीपी (कॉम्प्युटरवर मजकूर टाइप करणं) आणि पानांची मांडणी करते, जास्त करून दिवाळी अंक आणि स्मरणिका. क्लायंट सगळे पुण्या-मुंबईचे, प्रत्यक्ष भेट जवळपास नाहीच. पहिल्या प्रुफापर्यंत (म्हणजे तपासायला पाठवलेल्या पानांपर्यंत) सगळं छान असतं, दुसऱ्यापासून घोळ सुरू. सकाळी व्हॉइस नोट, दुपारी पेनाने गोल केलेल्या पानाचा फोटो, रात्री साडेदहाला फोन, "अगं ते १२ नंबर पानावरची चौकट काढून टाक". काढली, तर दुसऱ्या संपादकांचा मेसेज की कुणी सांगितलं काढायला? माणसं खरंच चांगली आहेत, वयाने मोठी आहेत, त्यामुळे नियम सांगायला गेलं तर उद्धट वाटेल असं वाटतं. तुम्ही कसं सांगता?

प्रूफवाला:
ताई, फोन करू नका असं अजिबात सांगू नका, ज्येष्ठ मंडळींना फोनच सोयीचा पडतो. फक्त फोन ठेवल्या ठेवल्या ग्रुपवर टाकायचं, "सर, आत्ता बोललो त्याप्रमाणे पान १२ ची चौकट काढायची, पान ३१ वर कवीचं नाव बदलायचं. बरोबर असेल तर हो कळवा, मग करते." हो आल्याशिवाय त्या पानाला हात लावायचा नाही. ग्रुपमध्ये दोन्ही संपादक हवेतच, म्हणजे मतभेद असले तर ते आपापसात मिटवतात, आपण मधे येत नाही. आणि शेवटचा शब्द कुणाचा हे काम घेतानाच विचारून ठेवा, नंतर विचारलं की अवघड होतं.

अक्षरजुळणी_नाशिक:
वरच्याशी सहमत. थोडं फाइलचं सांगतो. प्रूफ नेहमी पीडीएफ, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर पान फोटो म्हणून पाठवलं की फाइल लहान करताना त्याची स्पष्टता जाते आणि मग अनुस्वार, रफार धड दिसत नाहीत, समोरच्याने तपासायचं तरी कसं? फाइलच्या नावात प्रूफ क्रमांक आणि तारीख घाला, आणि करेक्शन कळवताना "प्रूफ २, पान १२" असं लिहायची सवय लावा, कारण एखादा लेख निघाला की पुढची सगळी पानं सरकतात आणि तुमचं १२ नंबर आणि त्यांचं १२ नंबर वेगळं होतं. मजकूर श्रीलिपीतून (जुन्या पद्धतीच्या मराठी फॉन्टमधून) युनिकोडमध्ये आणला असेल तर जोडाक्षरं नीट बघा हे पहिल्या प्रुफाबरोबरच सांगा. छपाईला सोडायची परवानगी मात्र ईमेलवरच घ्या. व्हॉट्सअ‍ॅपवरचा मेसेज १५ मिनिटांपर्यंत बदलता येतो, दोन दिवसांहून थोड्या जास्त वेळापर्यंत सगळ्यांसाठी डिलीटही करता येतो, आणि एकदा छपाईची प्लेट (ज्यावरून पानं छापतात ती) निघाली की खर्च कुणाचा यावरून वाद नको.

कोल्हापूरची_मेधा:
मला वाटतं रात्रीचे फोन येतात ते काळजीपोटी. प्रेसची तारीख ठरलेली, जाहिरातदारांना शब्द दिलेला, आणि तुम्ही काम करताय का नाही ते त्यांना तिथून दिसत नाही. मी गणपतीनंतर रोज संध्याकाळी सातच्या सुमाराला न विचारता एक मेसेज टाकते, "आज पान ६४ पर्यंत लागलं, जाहिरातींची ४ पानं आणि मुखपृष्ठाचं श्रेय तुमच्याकडून यायचंय, ती उद्या दुपारपर्यंत आली तर शुक्रवारी प्रूफ देते". यात त्यांना काय करायचंय तेही कळतं. फोन खूप कमी झाले, आणि जे येतात ते कामाचेच असतात.

मुक्ता_सातारा:
खूप आभार सगळ्यांचे, सातचा मेसेज आजपासूनच सुरू करते. एकच राहिलं, तिसऱ्या-चौथ्या प्रुफाचे पैसे जुन्या क्लायंटला कसे सांगायचे?

प्रूफवाला:
चालू अंकात नको, मध्येच काढलं की मन दुखावतं. पुढच्या अंकाचं कोटेशन देताना लिहा, "दोन प्रुफं दरात धरली आहेत, त्यापुढे प्रत्येक पानाला इतके". आणि तिसरं प्रूफ काढायची वेळ आली की आधी आकडा कळवा, होकार आला की मगच करा.