एकटीने पहिला प्रवास कुठे करावा?

ताई, यजमान गेल्यावर पहिलाच प्रवास एकदम काशीचा नको. आधी सोलापुरातून सकाळी जाऊन संध्याकाळी परत, एवढाच करा. अक्कलकोट, तुळजापूर सोपं, पण तिथं सगळे जोडीनं येतात आणि नेमकं तेच टोचतं. त्यापेक्षा हत्तरसंग कुडल बघा, साधारण ४० किलोमीटर. भीमा-सीनेचा संगम, आणि संगमेश्वराच्या देवळातल्या तुळईवर शके ९४० चा, म्हणजे इसवी सन १०१८ चा मराठी लेख. कोरणारे कधीच गेले, वाचणारे अजून येतात. एसटी मोजक्याच, परतीची वेळ स्टँडवरच विचारून घ्या. दोन लिटर पाणी, भाकरी-शेंगाचटणी सोबत हवी. एप्रिल-मे टाळाच. खरा जड जातो तो कुलूप उघडल्यानंतरचा तास. शेजारणीला आधीच चहाला सांगून ठेवा.