‘धारातीर्थ’ नकाशात कुठे आहे? चौथीच्या इतिहासातील मुलांचे गैरसमज

प्रश्न (चौथीतील मुलाची आई):
यंदा मुलाला शिवछत्रपतींचा इतिहास आहे. ‘मावळे धारातीर्थी पडले’ हे वाचून तो नकाशात धारातीर्थ शोधत बसला. परवा कोंढाण्याचा धडा संपल्यावर त्याने काळजीने विचारले, “गड आला, पण सिंह परत कधी आला?” तानाजींचा पाळलेला सिंह लढाईच्या गोंधळात रानात निघून गेला, असे त्याने मनाशी ठरवून टाकले होते. मला हसू आवरले नाही आणि त्याचा चेहरा एवढासा झाला. अशा वेळी कसे समजवावे?

उत्तर (निवृत्त शिक्षक):
ताई, मुलाचे इतिहासाचे ज्ञान कच्चे नाही. अडचण भाषेची आहे. ‘कामी आले’, ‘किल्ला सर केला’, ‘स्वराज्याचे तोरण बांधले’ हे शब्दप्रयोग आपल्या अंगवळणी पडले आहेत, पण नऊ वर्षांच्या मुलाला तोरण म्हणजे दारावरची आंब्याची पाने एवढेच ठाऊक असते. म्हणून मी आधी गोष्ट साध्या शब्दांत सांगत असे: १६६५ मध्ये पुरंदरच्या तहात २३ किल्ले मोगलांना द्यावे लागले, त्यांत कोंढाणा होता, आणि तो १६७० मध्ये परत घेताना तानाजी मालुसरे मारले गेले. त्यानंतरच पुस्तकातील वाक्य वाचून “यातला सिंह कोण?” असे विचारावे. उत्तर त्यालाच शोधू द्यावे.

उत्तर (सहावीतील मुलीचे वडील):
आमच्याकडे घोळ सनावळीचा होता. सिकंदर इसवी सनापूर्वी ३५६ मध्ये जन्मला आणि ३२३ मध्ये वारला, म्हणजे जन्माआधीच वारला, असे मुलगी ठामपणे म्हणत होती. शेवटी कपडे वाळत घालायच्या दोरीच्या मध्यावर इसवी सनाच्या आरंभाचा लाल चिमटा लावला, डावीकडे सिकंदराचे दोन आणि उजवीकडे तिच्या जन्माचा एक. डावीकडचे आकडे लाल चिमट्याकडे येताना लहान होत जातात, हे तिला बोटाने मोजल्यावर पटले.

प्रश्नकर्ती:
गुरुजी, काल तुम्ही सांगितले तसेच केले. “सिंह म्हणजे तानाजीच!” असे तो लगेच म्हणाला. मग थोडा वेळ गप्प राहून त्याने विचारले, “म्हणजे आपले आजोबा गेले, तसे गेले का?”