चाऊश चाचांचं ‘शहर’ आणि एडन बंदर: कुणी नीट सांगेल का?

हळदवाला_वसमत

राम राम मंडळी. आमचं वसमतला हळदीचं काम आहे, मोंढ्यात आडत आणि थोडीफार निर्यात. २०२४ च्या जानेवारीत आमचा वीस फुटी कंटेनर न्हावा शेवाहून युरोपला निघाला. कांडी, पॉलिश केलेली, माल एक नंबर. चार दिवसांनी फॉरवर्डरचा फोन आला की जहाज एडनच्या आखातातून जाणार नाही, आफ्रिकेला वळसा घालून जाईल. दोन आठवडे जास्त लागले, भाडंही वाढलं. तिकडचा गिऱ्हाईक रोज फोन करायचा आणि माझ्याकडं सांगायला काही नसायचं.

संध्याकाळी ओट्यावर हे बोलायलो तर शेजारचे चाऊश चाचा (चाऊश म्हणजे निजामाच्या काळात इकडं आलेल्या अरबांचे वंशज) म्हणाले, “अदन? अरे, हम लोगां वहीं के.” चाचांच्या बैठकीत भिंतीवर एक जांबिया, म्हणजे वाकडा अरबी खंजीर, टांगलेला आहे. शिंगाची मूठ, तळहात बसतो तिथं ती झिजून पिवळी झालीय, म्यानाचं चामडं टोकाशी फाटलंय. लहानपणापासून बघतोय, पण कुठून आला ते कधी विचारलं नव्हतं. चाचांचे आजोबा निजामाच्या फौजेत होते. ते एवढंच सांगायचे म्हणे, “शहर से जहाज में बैठे, बंबई उतरे.” कुठलं शहर म्हणून विचारलं तरी नुसतं “शहर”. म्हणून घरच्यांनी धरून चालले की एडनच असणार.

तर हे एडन नेमकं आहे काय? आपल्या मराठवाड्याला समुद्र नाही, बंदर म्हणजे काय हे मला कंटेनरच्या कागदावरूनच माहीत. जाणकारांनी सांगावं.

इंजिनरूम_उदगीर

भाऊ, मी उदगीरचा. एकतीस वर्षं जहाजावर इंजिनियर म्हणून काढली, आता घरीच असतो. एडनला तीनदा गेलोय, पहिल्यांदा १९८४ ला, इंधन घ्यायला. तुमचा प्रश्न वाचून राहवलं नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. एडन म्हणजे येमेनचं बंदर, अरबस्तानच्या दक्षिण किनाऱ्यावर.

पहाटे डेकवर आलो तेव्हा समोर काळा डोंगर होता. झाड नाही, गवताची काडी नाही, फुटक्या रांजणाच्या कडेसारखी नुसती धार. तो विझलेला ज्वालामुखी आहे. जुनं गाव त्याच्या पोटात वसलंय, नावच ‘क्रेटर’. पश्चिमेला खाडीपलीकडं दुसरा तसाच डोंगर, त्याला लिटल एडन म्हणतात. दोन डोंगरांच्या मधे खोल, निवांत पाणी. बाहेर वारं कितीही असू द्या, आत जहाज हलत नाही. बंदराला देवानं दिलेली जागा म्हणतात ती ही. तिथून पश्चिमेला दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरवर बाब-अल-मंदेबची सामुद्रधुनी, जेमतेम तीस किलोमीटर रुंद. सुएझकडं जाणाऱ्याला तिथूनच जावं लागतं. तुमचा कंटेनर अडला तो याच फटीमुळं. नोव्हेंबर २०२३ पासून येमेनमधल्या हूथी बंडखोरांनी जहाजांवर हल्ले सुरू केले आणि मोठ्या कंपन्यांनी तो रस्ताच सोडला.

आता इतिहास. दोन हजार वर्षांपूर्वी एका ग्रीक व्यापाऱ्यानं लिहिलेल्या प्रवासवर्णनात एडनला ‘सुखी अरबस्तान’ म्हटलंय. भारतातून आलेली आणि मिसरातून (इजिप्तमधून) आलेली जहाजं इथं भेटायची, कारण पुढं जायची हिंमत दोघांतही नव्हती. त्याच ग्रंथात आपलं पैठण आणि तेरही आहे, बरं का. तेरचं कापड, पैठणचे दगड गाड्यांवर लादून भडोचला जायचे.

इंग्रजांना एडन हवं झालं ते वाफेमुळं. शिडाच्या जहाजाला वारा पुरतो, आगबोटीला कोळसा लागतो आणि तो मधेच कुठं तरी भरावा लागतो. मुंबई ते एडन सुमारे १,६५० सागरी मैल. १८३० ला मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट सुएझला निघाली तेव्हा तिनं एडनलाच कोळसा घेतला. १९ जानेवारी १८३९ ला इंग्रजांच्या कॅप्टन हेन्सनं गाव काबीज केलं, तेव्हा तिथं पाच-सहाशे माणसं उरली होती. कारभार कुठून चालायचा माहितेय? मुंबईहून. १९३२ पर्यंत एडन हे मुंबई इलाख्यात होतं, मग पाच वर्षं दिल्लीकडं, आणि १९३७ ला वेगळी वसाहत झाली. आपला रुपया तिथं १९५१ पर्यंत चालत होता. १८५० ला जकात काढून टाकली, १८६९ ला सुएझ कालवा उघडला, १८७० ला मुंबईची समुद्री तार तिथूनच गेली. १९५४ ला लिटल एडनला तेलशुद्धीकरण कारखाना आला, कारण इराणचा अबादान कारखाना इंग्रजांच्या हातून गेला होता. त्या दशकात जगातल्या सगळ्यात गजबजलेल्या बंदरांत एडन मोजलं जायचं.

आणि मग १९६७. जूनमध्ये अरब-इस्रायल युद्धात सुएझ बंद पडला तो आठ वर्षं, १९७५ पर्यंत. नोव्हेंबरमध्ये इंग्रज गेले. कालवा उघडला तोवर जहाजं मोठी झाली होती, एका दमात लांब जाणारी, त्यांना मधे थांबायची गरज कमी. मी गेलो तेव्हा दक्षिण येमेनचं समाजवादी राज्य होतं. बोयाला (जहाज बांधायच्या तरंगत्या पिंपाला) बांधलेली जहाजं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. इंजिनरूममध्ये समुद्राचं थंडावा द्यायचं पाणीच बत्तीस अंशाचं यायचं, त्यानं काय थंड होणार! इंधनाची नळी जोडायला आलेला म्हातारा फिटर माझ्याशी मोडक्या हिंदीत बोलला. त्याला पाना हवा होता तर त्यानं ‘पाना’च मागितला. बंदराजवळच्या तवाही भागातल्या टपरीवर वेलदोडा घातलेला दुधाचा चहा पाजला, सोबत तळलेली ‘बाजिया’. आपली भजी हो, फक्त चवळीच्या डाळीची. लोणच्याला ते ‘उशार’ म्हणतात. त्या टपरीवर बसून मला घरची एवढी आठवण आली की दुसरा कप सांगितला तो रडू आवरण्यासाठी.

नंतरचं सांगायला जीव होत नाही. १९८६ ला त्याच गावात राज्यकर्त्यांची आपापसांत लढाई झाली. १९९० ला दोन्ही येमेन एक झाले, १९९४ ला परत युद्ध. १९९९ ला नवं कंटेनर टर्मिनल सुरू झालं, सिंगापूरच्या कंपनीनं उभारलेलं, आम्हा जहाजवाल्यांना वाटलं आता दिवस फिरले. पण १२ ऑक्टोबर २००० ला बंदरातच अमेरिकेच्या ‘कोल’ युद्धनौकेवर स्फोटकांची होडी आदळवली, सतरा खलाशी मेले, विम्याचे दर चढले. त्यानंतर आमच्या जहाजाला इंधन अमिरातीतल्या फुजैराहला घ्यायचा हुकूम आला, एडन चुकलं ते चुकलंच. २००८ ला टर्मिनल दुबईच्या कंपनीकडं गेलं, २०१२ ला तोही करार मोडला. माल ओमानच्या सलाला बंदराला गेला, समोरच्या आफ्रिकेतल्या जिबूतीला गेला. जागा तीच, पाणी तेवढंच खोल, पण उद्या गोळी चालणार नाही याचा भरवसा नसेल तर कुठला कप्तान नांगर टाकणार?

गुरुजी_नांदेड

उदगीरकर साहेब, फार मोलाचं लिहिलंत. एक नाव राहिलं, ते आल्याशिवाय मराठी माणसानं एडनचं पान मिटू नये. वासुदेव बळवंत फडके. १८७९ ला ते निजामाच्या मुलखात येऊन रोहिल्यांची फौज जमवायच्या खटपटीत होते, पकडले गेले, जन्मठेप झाली आणि मुंबई सरकारनं त्यांना ठेवलं ते एडनच्या तुरुंगात. दार बिजागरीतून उखडून पळाले, पुन्हा सापडले. अन्न सोडलं आणि १७ फेब्रुवारी १८८३ ला तिथंच गेले. मी दर वर्षी वर्गात नकाशावर एडनवर बोट ठेवून हे सांगतो.

आणखी एक. औरंगाबाद वसवणारा मलिक अंबर लहानपणी बाब-अल-मंदेबच्या पलीकडं मोखा बंदरात गुलाम म्हणून विकला गेला होता. तेव्हा त्या पाण्याशी मराठवाड्याचं नातं जुनं आहे.

आता वसमतच्या भाऊंचा मूळ प्रश्न. चाऊश मंडळींचे पूर्वज बहुतेक एडनचे नसतात, हद्रमौतचे असतात. तो प्रांत एडनच्या पूर्वेला, चार-पाचशे किलोमीटर पुढं. निजामाच्या बेकायदी फौजेत (म्हणजे कवायती नसलेल्या) हद्रमौतच्या अरबांची मोठी भरती होती. त्यांच्यातल्या कुऐती घराण्याचा मूळ पुरुष हैदराबादेत जमादार होता, आणि इथं कमावलेल्या पैशाच्या बळावर त्याच्या मुलांनी तिकडं राज्य उभं केलं. १८६७ ला एक बंदर घेतलं, १८८१ ला मुकल्ला घेतलं. ते राज्य १९६७ पर्यंत टिकलं. ४८ च्या पोलीस ॲक्शननंतर ही फौज मोडली, बऱ्याच जणांना परत पाठवलं, बाकीचे परभणी, हिंगोली, जालना, आपल्या नांदेडात राहिले.

१८६७ ला घेतलेल्या त्या पहिल्या बंदराचं नाव सांगतो: शिहर. जुन्या इंग्रजी कागदांत ते ‘शेहर’ असंही लिहिलेलं सापडतं. चाचांना एकदा विचारून बघा.

बिन_हिंगोली

गुरुजी बरोबर आहेत. आमच्याही घरी ‘मुकल्ला’ हा शब्द आहे, अदन नाही. लग्नात मर्फा (ढोलांचा ताल) वाजतो तो तिकडचाच. २०१५ ला युद्ध पेटलं तेव्हा आपल्या नौदलाचं ‘सुमित्रा’ जहाज अदनला जाऊन साडेतीनशेच्या आसपास भारतीयांना घेऊन जिबूतीला आलं. ते टीव्हीवर बघताना माझी आजी जानमाजवरून (नमाजाच्या चटईवरून) उठलीच नाही.

हळदवाला_वसमत

गुरुजी, आत्ताच चाचांकडून आलो. मी काही न सांगता फक्त विचारलं, “चाचा, दादा शहर कैसा बोलते थे?” चाचा थोडा वेळ गप्प राहिले. मग त्यांनी आजोबांच्या आवाजात म्हणून दाखवलं. ‘ह’ला हलकाच झटका, आणि ‘श’चा उच्चार ‘शि’कडं झुकलेला. शिहर.

मी मोबाईलवर नकाशा काढून दिला. चाचांनी चष्मा पुसला, आणि बराच वेळ ते त्या किनाऱ्यावर बोट ठेवून बसले होते.