९-० ला पुढे असताना पण कोच थांबत नाहीत

मुलगी अंडर-१२ हॉकी खेळते. काल ९-० झालं तरी कोच बाजूने ओरडतायत "अजून टाका", समोरची चिमुरडी गोलकीपर हेल्मेट काढून रडतेय, आणि नंतर आमच्या पोरींना हातही मिळवू दिला नाही. बोलू का?

> बोला, पण मैदानावर सगळ्यांसमोर नको, एकटे गाठा.

> मुद्दाम गोल न मारणं हा पण अपमानच हो. बेंचवरच्या पोरी उतरवायच्या, डिफेंडरला पुढे खेळवायचं, हॉकीत सब्स्टिट्यूशन कितीही वेळा चालतं. हात न मिळवणं मात्र फालतूपणा.

> आमचे सर अंपायरवर ओरडायचे, मग पोरंही तेच शिकली, ग्रीन कार्ड खाऊन २ मिनिटं बाहेर.

> मी बोलले आज कोचशी. "बघू" म्हणाले 🙄