चाकांवरच्या तोफेला काँक्रीटचं कडं कशासाठी?

तटवाचक: मंडळी, पुण्यातल्या एका प्रदर्शनासाठी दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकी तात्पुरत्या किनारी तोफखान्याची प्रतिकृती करतोय. तोफ 155 मिमीची, ओढून नेता येणारी. मग खाली ‘पनामा माउंट’चं काँक्रीट कशाला?

गोलंदाज_पुणे: तोफेचं वजन सुमारे 12 टन आणि गाड्यावर नळी फिरते फक्त 60 अंश. मैदानी लढाईत तेवढं पुरतं, पण चालतं जहाज त्या टप्प्याबाहेर गेलं की मागचे दोन फाकलेले दांडे उचलून फिरवावे लागतात. वाळूत तर दांड्यांचे फाळ प्रत्येक बारानिशी आणखी रुततात, मग ते उपटायचे आणि नेम पुन्हा धरायचा. तोवर जहाज निसटलेलं असतं! म्हणून मध्ये काँक्रीटचा ओटा, त्यावर चाकं; भोवती काँक्रीटच्या कड्यात बसवलेला वक्र रूळ, त्यावर दांड्यांची टोकं सरकतात. ही युक्ती 1920 च्या दशकात पनामात निघाली. मला ती फार हुशारीची वाटते.

तटवाचक: सगळी कडी पूर्ण गोल होती का?

नकाशावाला: नाही. समोर अर्धाच समुद्र दिसत असेल तिथे अर्धं कडंही चाले. तोफा बहुधा चार दाखवा. आणि टेहळणीची दोन ठाणी विसरू नका: दोघांमधलं अंतर आधी मोजलेलं असतं, दोन्हीकडून जहाजाचा कोन घेतला की त्रिकोणावरून पल्ला निघतो. ती दोन ठाणी शेजारी-शेजारी ठेवलीत तर कोनातली छोटी चूकही पल्ल्यात मोठी होते.