मदत हवी आहे: भावाचं नाव प्रयोगातून काढायचं आहे

कापूस_पट्टा:
शनिवारी दुसरी फेरी आहे, लवकर सांगा. भावानं सही केली. आता ते म्हणतात मधातून निघता येत नाही, निघायचं तर 500 रुपये वापस करा. पैसे दिले तर नाव कटते का?

रानवेडी:
कसला प्रयोग? औषधाचा? कोण घेतं? सहीच्या कागदाची प्रत घरी आहे का?

जुना_मास्तर:
1961 साली अमेरिकेत येल विद्यापीठात मिलग्रॅम या मानसशास्त्रज्ञानं हेच केलं. समोरच्याचं उत्तर चुकलं की विजेचा झटका द्यायचा. झटके खोटे होते, देणाऱ्याला ते ठाऊक नव्हतं. 40 पैकी 26 जण 450 व्होल्टपर्यंत गेले. हात थरथरत होते, तरी थांबतो म्हटलं की ‘पुढे चला’ हेच उत्तर.

गावोगाव:
मास्तर, त्यातूनच तर कळलं ना की साधा माणूस हुकमापुढे किती वाकतो! मी स्वतः प्रश्नावल्या घेऊन वाशीम भागात फिरलो आहे. शेतकऱ्याच्या मनातलं कोणी विचारायचंच नाही का?

जुना_मास्तर:
विचारा की. फसवू नका.

कापूस_पट्टा:
औषध नाही. समाजमंदिरात कोड्यांचा खेळ होता. कागद इंग्रजीत, प्रत दिली नाही. शेवटी सगळ्यांदेखत सांगितलं, गावात सगळ्यात कमी गुण तुमचे. त्यांच्यातल्याच एका पोरानं मला नंतर हळूच सांगितलं की गुण खोटेच असतात, अपमानानंतर माणूस कर्जाबद्दल काय ठरवतो ते पाहतात. भाऊ चार दिवसांपासून वावरात गेला नाही. काल भाकर चिवडत बसला अन् वहिनीला म्हणाला, माझं डोकंच चालत नाही, वावर विकून टाकू.

धुऱ्यावरून:
वावर इकू नको भाऊ. आमी इकलं, आता त्याच वावरात मजुरीले जातो. तुरीले भाव नाई, पण जमीन हाये तं सारं हाये.

शांत_मन:
इगतपुरीला विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करवा. माझी झोप त्यानंच परत आली.

रानवेडी:
शिबिर नंतर. हे पहिल्याच पोस्टीत लिहायचं ना दादा! गुण खोटे होते हे भावाला आज रात्रीच सांगा. मन फारच खचलं असेल तर 14416 वर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनला फोन करा, फुकट आहे, रात्रीही उचलतात. आयसीएमआर म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषद, तिच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे माणूस केव्हाही बाहेर पडू शकतो, त्याचा दंड नाही. कागद त्याला कळेल अशा भाषेत हवा आणि प्रत द्यावीच लागते. 500 देऊ नका. असे प्रयोग तपासणारी एथिक्स कमिटी असते, तिच्या सचिवाचा नंबर मागा, लेखी अर्ज द्या.

गावोगाव:
प्रत दिली नाही हे चुकलंच. खोटं सांगितलं तर नंतर खरं सांगायचंच असतं, आम्हाला तेच शिकवलं होतं.

कापूस_पट्टा:
रात्री सांगितलं. बराच वेळ बोलला नाही. मग म्हणे, तुले एकट्याले कळून काय होते, कमी गुण तर साऱ्या गावानं ऐकले. त्यांनी समाजमंदिरातच येऊन खरं सांगावं, असं मागता येते का?

रानवेडी:
येतं. अर्जात पहिलं तेच लिहा.